पाच माणसं, दोन लाख आणि मे महिना: देशात फिरावं की परदेशात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरमधलं पाच जणांचं कुटुंब: तुम्ही दोघं, तेरा वर्षांचा मुलगा, आठ वर्षांची मुलगी आणि सत्तरीच्या आई. दर मे महिन्यात आठवडाभर बाहेर पडायचं, हा घरचा शिरस्ता. यंदा शाळेची फी, घराचा हप्ता, किराणा, सगळंच चढलंय आणि सहलीसाठी फार तर दोन लाख निघतील. मुलाच्या वर्गातले दोघं थायलंडला जाऊन आले, त्यामुळे त्याचा हट्ट बँकॉकचा. एका एजंटानं 'माणशी ३९,९९९ रुपये' असा कागद पाठवलाय. मनालीची चौकशी केलीत, तर तिथलाही आकडा जवळपास तेवढाच आला. मग पैसे तेवढेच जाणार असतील तर परदेशच का पाहू नये, असं तुम्ही विचारता. पत्नी केंद्रीय विद्यालयात शिक्षिका आहेत, गाडी घरची आहे आणि आईंचा पासपोर्ट अजून काढलेला नाही, हेही तुम्ही लिहिलंय.

सहली आखून देणं हाच माझा अनेक वर्षांचा व्यवसाय आणि इंदूर, देवास, उज्जैनची मराठी घरं हीच माझी बहुतेक गिऱ्हाइकं. उत्तर आधीच देऊन टाकते: यंदा, पाच जणांनी, मे महिन्यात, दोन लाखांत देशातच जा. मात्र 'आपला देश स्वस्त आणि परदेश महाग' एवढ्यावर हे उत्तर उभं नाही. तुमच्या जागी नुसतं जोडपं असतं आणि तारखा त्यांच्या हातात असत्या, तर मी कदाचित उलट सांगितलं असतं.

सहलीच्या खर्चाचे दोन भाग पडतात. काही खर्च डोक्यावर लागतो: विमानाचं तिकीट, व्हिसा, विमा, प्रवेशाची तिकिटं, जेवण. माणूस वाढलं की हा खर्च तेवढ्यानं वाढतो. काही खर्च मात्र वाटला जातो: खोली, गाडी, ड्रायव्हर, पेट्रोल, टोल. गाडीत दोघं बसा नाहीतर पाच, पेट्रोल तेवढंच जळतं. परदेशाच्या सहलीत बहुतेक पैसा डोक्यावर लागतो. देशातल्या सहलीत, त्यातही रस्त्यानं केलेल्या, निम्म्याहून जास्त पैसा वाटला जातो. महागाईत घराला परवडणारी सहल शोधायची असेल तर मी आधी डोकी मोजते, नकाशा नंतर उघडते.

आता हे तुमच्या घराला लावून पाहू. खालचे आकडे हिशेबापुरते धरलेले आहेत, तुम्ही चौकशी कराल त्या दिवशी थोडे इकडेतिकडे होतील. पण त्यांचं आपसातलं प्रमाण फारसं बदलत नाही.

थायलंड, पाच रात्री. मुंबईहून विमानाचं जाण्यायेण्याचं तिकीट मेमध्ये माणशी २८ हजार धरलं, तर पाच जणांचे १ लाख ४० हजार. इंदूर ते मुंबई अवंतिकानं थर्ड एसीत जाऊन-येऊन साधारण १२,५००. दोन खोल्या, रात्री साडेतीन हजारांची एक, पाच रात्रींचे ३५ हजार. तिथल्या गाड्या, बोटी, प्राणिसंग्रहालय, बेटाची सहल, माणशी आठ हजार म्हणजे ४० हजार. जेवण सहा दिवसांचं, माणशी रोज हजार, ३० हजार. विमा, सिमकार्ड, टिप वगैरे साडेसात हजार. बेरीज २ लाख ६५ हजार. पासपोर्ट, खरेदी आणि मुलांचे आइसक्रीम यात नाहीत. या रकमेत वाटला जाणारा खर्च फक्त खोल्यांचा, ३५ हजार. बाकी २ लाख ३० हजार डोक्यांवर, म्हणजे माणशी ४६ हजार.

दुसरीकडे कोकण, आठ दिवस, घरच्या गाडीनं. जाऊन-येऊन आणि तिथलं फिरणं धरून दोन हजार किलोमीटर. गाडी लिटरला पंधरा देत असेल तर १३०-१३५ लिटर पेट्रोल, म्हणजे १४ हजार. टोल चार हजार. नाशिकला जाता-येता एकेक रात्र, कोकणात चार, अशा सहा रात्री; दोन खोल्या, तीन हजारांची एक, ३६ हजार. सातवी रात्र पुण्यात, कारण इंदूरच्या मराठी घराचं पुण्यात कोणी ना कोणी असतंच. जेवणखाण माणशी रोज सहाशे, आठ दिवसांचे २४ हजार. बोट, अभिषेक, आंब्याच्या पेट्या, सुटा खर्च १५ हजार. बेरीज ९३ हजार.

या दोन बेरजांतला सगळ्यात बोलका आकडा एकूण रकमेचा नाही. पाचवं माणूस, म्हणजे तुमच्या आई, थायलंडला नेण्याचा खर्च ४६ हजार आहे. कोकणात नेण्याचा खर्च पाच हजारांच्या आत. परदेशाचं बजेट जुळेना की बहुतेक घरांत 'आईंना राहू दे, पुढच्या वेळी नेऊ' हे वाक्य निघतं, ते इथूनच. मला ते ऐकवत नाही. ज्या सहलीच्या हिशेबात घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस सगळ्यात आधी गळतं, ती सहल तुमच्यासारख्या घरानं त्या वर्षी करूच नये असं मी स्पष्ट सांगते.

मग मनाली तेवढीच महाग का निघाली? कारण तुम्हाला आलेला भाव दोन माणसांच्या हिशेबानं बांधलेला होता. मनाली, सिमला, नैनिताल, दार्जिलिंग: मेमध्ये अर्धा देश तिथे चढतो आणि खोल्यांचे भाव पावसाळ्याच्या तुलनेत दुप्पट होतात. त्यात चंदीगड किंवा दिल्लीपासून सात दिवसांची टॅक्सी धरली तर तीस हजारांच्या घरात जाते आणि दोघांनाच गाडी घ्यायची तर ते दोघांवरच पडतात. जोडप्याचा हिशेब मांडून बघा: इंदूरहून विमानं ३२ हजार, टॅक्सी ३०, सहा रात्री चांगली खोली ४२, जेवण १४, झाले १ लाख १८ हजार. वरच्या थायलंडच्या हिशेबात जोडप्याला ४६ गुणिले दोन, अधिक एक खोली, म्हणजे १ लाख १० हजार लागतात. दोघांसाठी मेमधली मनाली परदेशाइतकी किंवा जास्त महाग पडते, हे खरंच आहे. पाच जणांना ते लागू नाही. एजंटाचे दोन्ही कागद 'दोघांत एक खोली' या मापानं छापलेले असतात आणि तुमचं घर त्या मापात बसत नाही.

'३९,९९९' चा कागद आता समोर घ्या आणि खालच्या बारीक अक्षरांवरून बोट फिरवा. विमान कुठून, ते पाहा. बहुतेक वेळा मुंबई किंवा दिल्ली लिहिलेलं असतं, इंदूर नाही. भाव कोणत्या महिन्याचा, ते पाहा. 'पासून पुढे' हे दोन शब्द असले तर तो भाव ऑगस्टचा धरा, मेचा नव्हे. दुपारचं जेवण आहे का? अनेकदा फक्त नाश्ता आणि काही रात्रींचं जेवण असतं. शाकाहारी घराला तिकडे भारतीय हॉटेल शोधत हिंडावं लागतं आणि तिथली डाळ-भाताची थाळी आपल्या इथल्यापेक्षा कितीतरी महाग पडते. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, चिवडा घेऊन जाणाऱ्या बायकांना लोक हसतात, पण घराचे दहा-बारा हजार त्याच वाचवतात. पाचव्या माणसाची झोपायची सोय कशी, हेही विचारा. तिसऱ्या पलंगाच्या नावाखाली घडीची खाट येते आणि पैसे जवळपास पूर्ण माणसाचे लागतात. जीएसटी धरलाय का आणि परदेशी पॅकेजवर जो कर आधीच कापून सरकारकडे भरला जातो, तो टीसीएस धरलाय का, हेही लेखी घ्या. टीसीएस ऑक्टोबर २०२० पासून आहे आणि त्याचे दर व टप्पे त्यानंतर एकापेक्षा जास्त वेळा बदललेत, म्हणून बुकिंगच्या दिवशीचा दर विचारा. हा पैसा बुडत नाही. आयकर विवरण भरताना तो तुमच्या करातून वळता होतो किंवा परत मिळतो. पण तंगीच्या वर्षात काही हजार महिनोन्‌महिने अडकून पडणं हाही खर्चच.

यानंतर रुपयाची गोष्ट येते, जी कागदावर कुठेच दिसत नाही. २०२२ च्या सुरुवातीला डॉलर ७४-७५ रुपयांना होता. डिसेंबर २०२५ मध्ये तो नव्वदीच्या पार गेला. हजार डॉलरची हॉटेलं आणि गाड्या तिथल्या माणसानं एक सेंटही न वाढवता आपल्याला पंच्याहत्तर हजारांवरून नव्वद हजारांवर गेल्या. दुबईला जाणाऱ्यांना वाटतं की दिरहमचं वेगळं गणित असेल. तसं नाही, दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दरानं बांधलेला आहे, डॉलर चढला की तोही तितकाच चढतो. आमच्या धंद्यात विमानाचा भाव रुपयांत आणि जमिनीवरचा, म्हणजे तिथल्या हॉटेलांचा आणि गाड्यांचा, खर्च डॉलरमध्ये सांगायची पद्धत आहे. अॅडव्हान्स फेब्रुवारीत भरता, बाकी एप्रिलमध्ये, आणि मधल्या काळात रुपया घसरला तर फरक तुमच्या खिशातून जातो. परदेशी सहल करायचीच असेल तर 'कोणत्या दिवसाचा दर लावणार' हे पैसे भरायच्या आधी विचारा आणि जमल्यास जमिनीवरचा खर्च सुरुवातीलाच पूर्ण भरून टाका. कार्डावर सुटा खर्च करताना बँक साडेतीन टक्क्यांच्या आसपास मार्कअप आणि त्यावर जीएसटी लावते, म्हणून आधीच परदेशी चलन भरून घेतलेलं फॉरेक्स कार्ड बरं.

रुपया घसरला तरी ज्यांची झळ लागत नाही असे दोन शेजारी आहेत. नेपाळचा रुपया १९९० च्या दशकापासून आपल्या रुपयाला १.६० या दरानं बांधलेला आहे आणि भूतानचा नगुल्त्रुम आपल्या रुपयाच्या बरोबरीचा. नेपाळला भारतीयांना पासपोर्टसुद्धा लागत नाही, मतदार ओळखपत्र चालतं, म्हणजे आईंची अडचण तिथे येत नाही. मुलाला 'परदेश' हवाच असेल तर काठमांडू-पोखरा हा तुमच्या बजेटच्या सगळ्यात जवळचा परदेश आहे. मात्र इंदूरहून गोरखपूर-सोनौलीमार्गे रस्ता धरला तर आईंना तो झेपेल का, ते तुम्हीच ठरवा. भूतान मला मनापासून आवडतं, पण तिथेही डोकी आडवी येतात. भारतीयांना दर रात्री माणशी १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क आहे, मुलीच्या वयाला निम्मं. तुमच्या घराला रात्रीचे ५,४००, पाच रात्रींचे २७ हजार, आणि यात अजून खोलीही आली नाही.

इंदूरकरांनी एक गोष्ट कधीच विसरू नये: आपल्याला परदेशी जायचं तर बहुतेक वेळा आधी मुंबई किंवा दिल्ली गाठावी लागते. स्वस्तात पडतं म्हणून लोक इंदूर-दिल्ली वेगळं आणि दिल्ली-बँकॉक वेगळं तिकीट काढतात. पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं चुकलं, तर दुसऱ्या कंपनीवर त्याची काहीही जबाबदारी नसते, नवीन तिकीट स्वतःच्या पैशानं काढावं लागतं. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाचं डिसेंबरच्या धुक्यात हेच झालं. इंदूरचं विमान चार तास लेट, दिल्लीला पोहोचेपर्यंत पुढच्या विमानाचं गेट बंद. चौघांची नवीन तिकिटं काढताना जो भाव पडला, त्यात त्यांची मूळ सहल पुन्हा एकदा झाली असती. दोन्ही तिकिटं एकाच पीएनआरवर घ्या, किंवा एक रात्र आधी पोहोचा. त्या रात्रीचं हॉटेलही मग सहलीच्या खर्चात धरा, ३९,९९९ मध्ये ते नसतं.

आता देशात कुठे, ते सांगते.

माझी पहिली पसंती कोकणालाच. हिशेब वर मांडलाच आहे, पण त्यामागे आणखी एक कारण आहे. इंदूरच्या बऱ्याच मराठी घरांचं कुलदैवत कोकणात किंवा घाटावर आहे आणि ते दर्शन 'एकदा जायचंय' असं म्हणत वर्षानुवर्षं राहून गेलेलं असतं. गुहागरचा व्याडेश्वर, वेळणेश्वर, हेदवीचा दशभुजा गणेश ही तीनही ठिकाणं एका मुक्कामात होतात. तुमचं दैवत जेजुरी, तुळजापूर किंवा कोल्हापूर असेल तर रस्ता थोडा वाकवा. कुलधर्माची वेगळी फेरी आणि फिरण्याची वेगळी, असे दोनदा पैसे घालवण्यापेक्षा दोन्ही एकात बसवा. पुण्याहून कराड, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि पुढे गुहागर. पहाटे निघालात तर ऊन चढायच्या आत निम्मा रस्ता मागे पडतो. मेमध्ये तिथे घाम फार निघतो, हे खरं. दुपारी बारा ते चार बाहेर पडूच नका. सकाळी समुद्र, दुपारी जेवून झोप, संध्याकाळी देऊळ आणि पुन्हा समुद्र. हॉटेलपेक्षा घरगुती निवास घ्या: मागे परस, विहीर, सोलकढी, आमरस, फणसाची भाजी, आणि आईंना अंगणात बसून गप्पा मारायला त्यांच्याच वयाच्या आजी. खोली फोनवर ठरवताना दोन गोष्टी विचारा: एसी आहे का आणि लाइट गेली तर इन्व्हर्टर आहे का.

देवळांनी मुलगा कंटाळेल असं वाटत असेल, तर दुसरा मार्ग कान्हाच्या वाघांच्या जंगलाचा. इंदूरहून रात्रीच्या ओव्हरनाइट एक्सप्रेसनं जबलपूर, तिथून गाडीनं चारेक तासांत खटिया फाटक. मे महिन्यात जंगलात पाणी थोड्याच ठिकाणी उरतं, झाडी विरळ झालेली असते आणि वाघ पाण्यावर येतो, म्हणून उन्हाचा त्रास सोसूनही जाणकार मेमध्येच जातात. इथेही वाटणीचं गणित तुमच्या बाजूनं आहे. जिप्सीत सहा पर्यटक बसतात, परमिट, गाईड आणि गाडीचं भाडं गाडीमागे. तुम्ही पाच आहात, जवळजवळ पूर्ण गाडी. दोघांचं जोडपं तीच जिप्सी दुप्पट-अडीचपट भावानं फिरवतं. सकाळच्या दोन सफारी पुरेत, दुपारच्या फेरीत आईंना नेऊ नका. बुधवारी दुपारची सफारी बंद असते आणि १ जुलै ते ३० सप्टेंबर गाभा क्षेत्र बंदच असतं, म्हणून तारखा त्या बेतानं धरा. परमिट ऑनलाइन मिळतात आणि मेची लवकर संपतात. परतताना जबलपूरला एक दिवस थांबून भेडाघाट बघा. संगमरवरी कड्यांमधली नौका पावसाळ्यात बंद असते, मेमध्ये चालते. धुआंधार धबधब्यासमोर उभा राहिलेला तेरा वर्षांचा मुलगा बँकॉकची आठवण काढेल, असं मला वाटत नाही.

आणि दोन लाखही जड जातायत असं झालं, तर आपल्या दाराशीच नर्मदा आहे. महेश्वर आणि मांडू दोन्ही इंदूरहून शंभर किलोमीटरच्या आसपास. सनावदजवळ रावेरखेडीला बाजीराव पेशव्यांची समाधी आहे, २८ एप्रिल १७४० रोजी त्यांनी तिथेच नर्मदाकाठी देह ठेवला. इंदूरची किती मराठी मुलं तिथे गेली आहेत? फार थोडी. मांडू मात्र मेमध्ये नको, पावसात जा.

पैशांचे काही बारकावे आहेत, जे बुकिंगच्या वेळी उपयोगी पडतील. हॉटेलच्या खोलीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून बदललाय: रात्रीचा भाव ७,५०० पर्यंत असेल तर १२ चे ५ टक्के झाले, त्याच्या वर गेला की १८ टक्के. ही सीमा नीट बघा. ७,४०० ची खोली करासकट ७,७७० ला पडते आणि ७,८०० ची ९,२०४ ला. चारशे रुपयांच्या फरकाला १,४३४ रुपये मोजायचे. या भावाची खोली घ्यायची झाली, तर हॉटेलवाल्याशी बोलून भाव सीमेच्या आत आणता येतो का, ते पाहा. मंदीच्या दिवशी बहुतेक जण तयार होतात. रस्त्यानं जाणार असाल तर फास्टॅगचा वार्षिक पास बघा. खासगी गाडीसाठी एकदाच ठरावीक रक्कम भरून (ऑगस्ट २०२५ मध्ये ती ३,००० रुपये होती) वर्षभर किंवा २०० फेऱ्या, यांतलं जे आधी संपेल ते, पण फक्त राष्ट्रीय महामार्गांच्या नाक्यांवर. इंदूर-धुळे-नाशिक रस्त्यावर वर्षभर जाणं-येणं करणाऱ्याला तो सहज वसूल होतो.

रेल्वेचं आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधीच उघडतं. पूर्वीच्या १२० दिवसांच्या सवयीनं लोक जानेवारीत बघतात, मिळालं नाही म्हणून सोडून देतात आणि मार्चमध्ये विसरतात. मेच्या पंधराचं तिकीट मार्चच्या मध्यावर सकाळी आठला उघडेल, तेव्हा बसूनच काढा. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, पण खालच्या बर्थचा कोटा आहे. आईंचं वय अर्जात नीट भरा.

पत्नींना एलटीसी (सरकारी नोकरीत रजेतल्या प्रवासाचं भाडं मिळण्याचा लाभ) लागू असेल तर तो देशातल्याच प्रवासाला मिळतो, परदेशाला नाही. त्यात प्रवासभाडं येतं, खोली आणि जेवण येत नाही. घरच्या गाडीनं गेल्यास तो सहसा मिळत नाही, म्हणून शाळेच्या कार्यालयात नियम विचारून मगच गाडी की रेल्वे हे ठरवा. करातली सूट जुन्या करप्रणालीतच आहे, हेही ध्यानात ठेवा. कान्हाच्या सहलीत रेल्वेचं भाडं यात बसू शकतं.

हे वाचून मी परदेशाच्या विरोधात आहे असं समजू नका. मी स्वतः लोकांना पाठवते आणि आनंदानं पाठवते. माणसं दोन-तीन असतील, पासपोर्ट तयार असतील, जुलै ते सप्टेंबर किंवा फेब्रुवारीत सुट्टी मिळत असेल, तर व्हिएतनाम, श्रीलंका, थायलंड ही ठिकाणं आपल्या गर्दीच्या हंगामातल्या थंड हवेच्या ठिकाणांशी खांद्याला खांदा लावून उभी राहतात. मुलगा बारावी होऊन बाहेरगावी शिकायला जाणार असेल आणि पुन्हा सगळे एकत्र कधी निघणार याची खात्री नसेल, तर चार पैसे जास्त गेले तरी मी 'जा' म्हणते. परदेशात सख्खं नातलग राहत असेल आणि राहण्याखाण्याचा खर्च सुटत असेल, तरीही. तुमच्या घरी यातलं काही आत्ता नाही. मुलाच्या बारावीला पाच वर्षं आहेत.

ती पाच वर्षं हाताशी आहेत, तर एक आवर्ती ठेव उघडा. महिन्याला आठ हजार टाकलेत तर अडीच वर्षांत व्याज सोडून २ लाख ४० हजार होतात. त्या वेळी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, शाळेची आठ दिवसांची सुट्टी टाकून, विमानं स्वस्त असताना जा आणि आईंची तब्येत असेल तर त्यांना घेऊन जा. मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षं चालतो, तो आत्ताच काढून ठेवायला हरकत नाही; आईंचा तर आधी काढा, जुन्या जन्मदाखल्यांची आणि नावातल्या फरकांची कामं वेळखाऊ असतात. मुलांचा पाचच वर्षं चालतो, तो जायच्या वर्षी काढा.

'आत्ता फिरा, हप्त्यानं फेडा' या जाहिरातींकडे मात्र अजिबात वळू नका. क्रेडिट कार्डाची थकबाकी राहिली तर महिन्याला तीन ते पावणेचार टक्के व्याज लागतं, वर्षाला चाळीसच्या आसपास. बिनव्याजी म्हणतात त्या हप्त्यांतही प्रक्रिया शुल्क आणि त्यावरचा जीएसटी असतोच. ज्या घराचा हप्ता आधीच जड झालाय, त्या घरानं मे महिन्यातल्या पाच रात्रींसाठी पुढच्या मेपर्यंत फेडत बसू नये.

मुलाशी बोलताना 'परवडत नाही' एवढं सांगून थांबू नका. तेरा वर्षांच्या मुलाला वरचे दोन्ही हिशेब कागदावर मांडून दाखवा, त्याला ते कळतात. कान्हा ठरलं तर परमिटच्या तारखा त्यालाच बघू द्या. कोकण ठरलं तर कुठल्या किनाऱ्यावर पॅरासेलिंग आहे, ते त्यालाच शोधू द्या आणि सुट्या खर्चातले तीन-चार हजार त्याच्या यादीसाठी बाजूला काढा.

यंदा या आठवड्यात करायचं काम एवढंच: पत्नींच्या शाळेत एलटीसीचा नियम विचारणं, त्यावरून कोकण की कान्हा हे ठरवणं, आणि खोल्यांना अॅडव्हान्स देण्याआधी रद्द केल्यास किती पैसे परत, ते व्हॉट्सअॅपवर लिहून घेणं. तारखा ठरल्या की पुन्हा लिहा, मुक्काम दर मुक्काम मांडून देईन.